कोपऱ्यावरची इंदू

"मावशी, बोलू नका! श्वास सुटतोय तुमचा."

"मी कुठं बोलाय लागलोय? गप तर पडलोय की ओ."

आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, आलो-गेलो. डॉक्टर मुजावरांनी माइकचं बटण सोडलं आणि कपाळाला हात लावून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? माझ्या आईला गप्प बसवणं माझ्या वडिलांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, ते वारले तेव्हा आई त्यांच्याशी बोलतच होती.

काचेपलीकडच्या खोलीत आई अरुंद टेबलावर उताणी पडली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर, मुठीत दोन दांड्या. पोटावर काडेपेटीएवढी एक डबी. डबी आईच्या श्वासाबरोबर हलायची, आणि इकडे आमच्या समोरच्या स्क्रीनवर एक पिवळी रेघ तशीच वरखाली व्हायची. स्क्रीनच्या वरच्या अंगाला हिरवी पट्टी होती. छातीभर श्वास घेऊन रेघ त्या पट्टीत न्यायची आणि डॉक्टर 'सोडा' म्हणेपर्यंत तिथं ठेवायची. एवढंच काम होतं, आणि ते एवढंच काम आईला जमत नव्हतं.

रेघ वर जायची ती मात्र झोकात. एका दमात पट्टी गाठायची. पण टेकते न टेकते तोच थरथरत, पायऱ्या उतरल्यासारखी खाली यायला लागायची. आणि दर वेळी आईचे ओठ हलत असायचे.

"परत एकदा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मशीनमधला स्वतःचाच रेकॉर्ड केलेला आवाज लावला. "कृपया दीर्घ श्वास घ्या. श्वास रोखून धरा."

"ह्यो बातम्या सांगतोय का काय?" आतून आवाज आला. रेघ खाली.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. आईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आता किरणांचे उपचार द्यायचे होते. डाव्या बाजूला अडचण एकच, खाली लगेच हृदय. आणि आईच्या हृदयाने आदल्या वर्षीच एकदा दणका दिला होता. डॉक्टर मुजावर तेव्हा कोल्हापुरातल्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नवे होते, तिशीचे, चष्मा सारखा नाकावर ढकलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला समजावून सांगितलं होतं.

"छातीत हवा भरली की फुप्फुस फुगतं, मावशी. मग हृदय मागे सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. तेवढ्यात आम्ही काम उरकून घेतो."

"म्हंजे पावणं आलं की सुनंनं आत जाऊन बसायचं, तसं."

"अगदी तसं!" डॉक्टरांना ते इतकं आवडलं की पुढे ते सगळ्याच बायकांना तसं सांगू लागले.

बाहेरच्या देशांत हे सर्रास चालतं, असं ते म्हणाले. पण शेतात राबलेल्या, मशीनला बिचकणाऱ्या, मराठीशिवाय काही न कळणाऱ्या आपल्या बायकांना श्वास धरायला शिकवता येतं का, कोणत्या शब्दांत शिकवलं तर येतं, याचा कुणी नीट अभ्यास केला नव्हता. तो अभ्यास ते करत होते. मोठे डॉक्टर म्हणायचे, मुजावर, हे खेड्यातल्या बायकांचं काम नाही. मुजावर नुसता चष्मा वर ढकलायचे. त्यांच्या अभ्यासात यायचं की नाही हे आईवर होतं. तिने अंगठा नाही, सही केली होती, आणि ती सही तिने डॉक्टरांना दोनदा दाखवली होती.

सरावाला शुक्रवारपर्यंत वेळ होता. तोवर रेघ पट्टीत टिकली नाही, तर साध्या पद्धतीने उपचार सुरू करायचे.

"साधी पद्धत वाईट नाही हो," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "हजारो जणींना तीच देतो आपण. पण यांच्या हृदयाला आधीच एक धक्का बसलाय. त्याला परत वाटेत उभं करायला माझं मन घेत नाही."

माझंही घेत नव्हतं. मला आई एकच होती, आणि तिच्याशिवाय घरात बोलणारंही कुणी नव्हतं.

दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या कट्ट्यावर डबा उघडला. आईने भाकरी मोडली. मी विचारलं, "आई, खरं सांग. श्वास धरलास की तू काय पुटपुटतेस?"

"कुठं काय."

"ओठ हलतात तुझे. सगळ्यांना दिसतं."

आई इकडेतिकडे बघायला लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण चिंचा चोरताना सापडलेल्या पोरीसारखं तोंड झालं होतं.

"कबड्डी," ती म्हणाली.

"काय?"

"कबड्डी कबड्डी म्हणतो मी. मुद्दाम न्हाई गं. छाती भरली की त्वांड आपसूकच सुरू हुतंय. न बोलता दम धरला तर फाउल की. पंच शिट्टीच मारतोय."

मला हसू आवरेना. ठसकाच लागला. आई कबड्डी खेळायची हे मला ठाऊक होतं, पण घरात कपाटावर जुनी सुटकेस असते तसं. कधी खाली काढून उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते उघडलं.

शाळेच्या संघात ती चढाईला जायची. बारीक अंगाची, वाऱ्यासारखी. 'हौशी निघाली' म्हटलं की समोरच्या पोरी मागे सरायच्या. आणि संघाची कप्तान होती इंदू. उंच, थोराड, कोपरा सांभाळणारी. समोरची चढाई आली की आईची जागा साखळीत इंदूच्या शेजारी, इंदूच्या हातात आईचा हात.

"मला दम नसायचा," आई म्हणाली. "समोरची आत आली रं आली की मी झेप घेणार, आन् आउट हुणार. मग इंदी माझा हात दाबून धरायची. 'थांब' म्हणायची. हळूच, माझ्या एकटीला ऐकू यील असं. 'थांब हौशे, अजून न्हाई.' तिनं हात सोडला की मग झेप. एक पकड वाया गेली न्हाई बग आमची."

"मग?"

"मग काय. जिल्ह्याची फायनल लागली रविवारी, आन् त्याच आठवड्यात तुझ्या बाबांकडची मंडळी बगाय आली. त्यांची आजी सिरीयस. म्हणाली, डोळं मिटायच्या आत नातसून दावा. झालं! शुक्रवारी मला हळद लागली. हळद लागल्याव पोरीनं गावची शीव वलांडायची नस्ती. फायनल तालुक्याला. मी माडीवर बसून रडलो नुसता."

"इंदूला कळवलं नाहीस?"

"कुणाच्या हाती कळवू? माझ्या बाबांनी शाळंतनंच उचलून आणलं हुतं. तिकडं ती मैदानावर माजी वाट बगत बसली आसंल." भाकरीचा तुकडा तिने परत डब्यात ठेवला. "माझी जागा शेवंतीला दिली आसंल. ती टपलीच हुती. द्यायलाच पायजे हुती म्हणा. सातजणींचा खेळ त्यो."

"नंतर कधी भेटलीच नाहीस?"

"एकदा जत्रंत दिसली. मी हाक मारली. तिनं बघितलं आन् त्वांड फिरवलं. मग मी बी न्हाई गेलो."

इंदूचं गाव कळंबवाडी, एसटीने तासाभराचं. चाळीस वर्षं आई त्या वाटेने कधी गेली नव्हती. हे सांगताना ती कुठेतरी लांब बघत होती, आणि मला पहिल्यांदाच कळलं की माझी आई माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून कुणासाठी तरी झुरत होती.

मी डॉक्टरांना कबड्डीचं सांगितलं. मला वाटलं चिडतील, तर ते खुर्चीवरून उठलेच.

"अहो, मग चुकतंय कुठे ते कळलं की! आपण त्यांना चढाईला पाठवतोय. त्यांना साखळीत उभं करायला पाहिजे. बचाव करणारीला बोलावं लागत नाही!"

लगेच आईला परत टेबलावर घेतलं. "मावशी, तुम्ही आता चढाईला नाही. साखळीत आहात. समोरची येतेय. गप्प थांबायचं."

आईने श्वास घेतला. रेघ पट्टीत गेली. ओठ हलले नाहीत. क्षण, दोन क्षण, मी मूठ आवळली. आणि धाडकन रेघ खाली.

"काय झालं?"

"झेप घेतली," आई आतून ओशाळून म्हणाली. "माझ्यानं थांबवत न्हाई ओ डाक्टर. इंदीनं हात धरला तरच मी थांबतो."

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला. "या इंदूबाई असतात कुठे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळंबवाडीला गेले. आईला म्हटलं, ऑफिसात सही करून येते. मी दूध संघात कारकून होते, आणि आमच्या ऑफिसात सह्यांना तोटा नव्हता.

इंदूमावशीचं घर शाळेच्या मागेच होतं. त्या शाळेत तिने जन्मभर खेळ शिकवले होते. लग्न केलं नव्हतं. अंगणात ताडपत्रीवर मिरच्या वाळत होत्या, आणि कापलेल्या पांढऱ्या केसांची एक उंच बाई, साडीखाली कॅन्व्हासचे बूट घालून, त्या हाताने पसरत होती.

"कोण पायजे?"

"मी हौसाबाईंची मुलगी. कुंदा."

"कोण हौसाबाई?"

"हौशीची," मी म्हटलं.

हात थांबला. मिरच्यांवरून नजर न काढता तिने विचारलं, "मेली?"

"नाही. पण आजारी आहे."

मग मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, हृदय, डबी, रेघ, हिरवी पट्टी. किती कळलं कोण जाणे. ती आपली मिरच्या पसरत राहिली. शेवटी म्हणाली, "थांबता येत न्हाई म्हणून अडलंय व्हय? तिला कवा आलं हुतं थांबाय?"

"म्हणूनच तुम्हाला बोलवायला आलेय."

"मी न्हाई यायचो. मिरच्या पडल्यात."

मी उठले. डोळे भरून आले होते ते तिला दिसू नयेत म्हणून चपला शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

"पाणी पी आन् मग जा," ती म्हणाली. तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि तशीच उभी राहिली. मी पाणी प्यायले. मग म्हणाली, "किती वाजता आस्तंय त्ये?"

शुक्रवारी ती आली. एकटीच, खांद्याला पिशवी लावून, तेच बूट. आई तेव्हा आत टेबलावर होती, तिला काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी इंदूमावशीला स्क्रीन दाखवली, रेघ दाखवली.

"मी हात वर केला की तुम्ही यांना थांबवायचं. खाली केला की सोडायला सांगायचं."

"बसा," मी खुर्ची सरकवली. ती बसली नाही. काचेतून आत बघत राहिली. आईचं तोंड पलीकडे होतं. दिसत होते ते नुसते पांढरे केस आणि उघडे तळपाय.

"टाचा फुटल्यात," इंदूमावशी स्वतःशीच म्हणाली. मग माइककडे वाकली.

"हौशे."

स्क्रीनवरची रेघ वेडीवाकडी उडाली. आत आईने मान उचलली.

"पडून ऱ्हा! डोकं उचलायचं न्हाई. चढाई आलीय समोरनं."

आईने मान टेकवली. दांड्यांभोवतीची बोटं घट्ट झाली.

"छाती भर. हां. हात माझ्या हातात हाय. आता थांब."

रेघ वर गेली, पट्टीत शिरली. डॉक्टरांनी हात वर केला.

"थांब," इंदूमावशी म्हणाली. आवाज अगदी खालचा, कानाशी बोलल्यासारखा. "पाय आत घिऊ दे तिला. थांब गं. अजून न्हाई. मी हाय न्हवं? थांब."

रेघ सरळ. पट्टीने आखल्यासारखी. खोलीत कुणी हलत नव्हतं. डॉक्टरांचा हात वरच राहिला, खाली करायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. मी कोपर मारलं तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

"गेली ती परत. सोड आता दम."

आई श्वास सोडून हसली की रडली ते मला कळलं नाही. पोट मात्र हलत होतं आणि वरची डबी नाचत होती.

पुन्हा केलं. पुन्हा रेघ सरळ. आणखी एकदा, तशीच. इंदूमावशीला रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी परवानगी घेऊन तिचा आवाज रेकॉर्ड केला. मग ते तंत्रज्ञाला म्हणाले, "मावशींना बाहेर आणा." आणि मी वळून बघते तर इंदूमावशी पिशवी उचलून चालायला लागलेली.

मी धावत जिन्यात गाठलं. "अहो, भेटा तरी! आता येईल ती बाहेर."

"नगं."

"एवढ्या लांब आलात!"

"ती न सांगता गेली हुती. मी बी न सांगता जातो. फिट्टंफाट." ती हसत नव्हती. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले. मी रिक्षा थांबवली. रिक्षात बसता बसता तिने माझं मनगट धरलं. बोटं अजूनही कोपरा सांभाळणारीची होती.

तिने मला एक गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "ही तिला सांग. पण आत्ता न्हाई. सगळी औषदं पुरी झाली की मग. आदी सांगितलंस तर तिचा दम तुटंल. मी वळकून हाय तिला."

मी वर आले तेव्हा आई बाकावर बसली होती. पायात चपला नव्हत्या, तशीच निघाली असणार.

"कुठं हाय इंदी?"

"गेली."

आई बराच वेळ जिन्याकडे बघत राहिली. "त्वांड तरी दावायचं हुतं," ती म्हणाली. मग विचारलं, "केस पिकल्यात?"

"पांढरेफेक. आणि कापलेत."

"तवाबी कापायचं म्हणायची. घरचं मारतील म्हणून थांबली हुती." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आवाज तसाच हाय न्हाई?"

मला काय माहीत, मी म्हणणार होते. म्हटलं, "तसाच."

उपचार सुरू झाले. रोज सकाळी जाड दाराच्या त्या खोलीत आई एकटी आत, आम्ही सगळे बाहेर, आणि इंदूमावशीचा आवाज तिच्यापाशी. रेघ कधी हलली नाही. डॉक्टर मुजावर दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून ती रेघ दाखवायचे. मोठे डॉक्टरही एकदा येऊन बघून गेले, काही न बोलता. मुजावरांना तेवढं पुष्कळ झालं. रांगेतल्या बाकीच्या बायका मग हट्ट धरून बसल्या की आम्हालाही तीच बाई पाहिजे. डॉक्टरांनी कळंबवाडीला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, 'हौशीचं नाव तेवढं काढा, बाकी वापरा.'

त्या कट्ट्यावर बसणाऱ्या बायका किती दिवस राहिले ते बोटांवर मोजायच्या. माझी आई मोजत नव्हती. ती पहाटे उठून आंघोळ करायची, केस चापूनचोपून बांधायची, आणि आपला नंबर यायच्या कितीतरी आधी जाऊन बसायची. छातीवरची कातडी काळवंडली होती, हुळहुळायची, त्याबद्दल चकार शब्द नाही. रविवारी मशीन बंद असायचं. त्या दिवशी तिला काही सुचायचं नाही.

"मशीनला कशाला पायजे सुट्टी?" ती भांडी आदळत म्हणायची. "त्याला काय लेकरंबाळं हाईत?"

आणि मध्येच कधीतरी, विळीवर भाजी चिरताना, "शेवंतीला दिली आसंल माझी जागा. आता रागवून काय उपेग."

माझ्या जिभेच्या टोकावर यायचं. पण इंदूमावशीची बोटं मनगटावर आठवायची, आणि मी गप्प बसायचे. थांबायचं काम त्या तीन आठवड्यांत मायलेकींपैकी कुणी जास्त केलं असेल तर ते मी.

शेवटचा दिवस आला. शेवटचे किरण झाले. जाड दार उघडलं, आणि डॉक्टर मुजावर स्वतः आत गेले. मी मागोमाग.

"मावशी, झालं! सुटलात. उद्यापासून यायचं नाही."

या वाक्यावर बायका रडायच्या, हात जोडायच्या, पेढ्याचा पुडा काढायच्या. आईने हातसुद्धा खाली घेतले नाहीत. दांड्या धरून छताकडे बघत तशीच पडून राहिली.

"आणि एकदा लावा की ओ डाक्टर."

"नाही मावशी, किरण आता पुरे झाले. जास्त देता येत नाहीत."

"किरण कुणाला पायजेत? तिला लावा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला लागले. मशीन बंद होतं, दार सताड उघडं होतं, आता त्या खोलीत कुणीही उभं राहिलं तरी चालत होतं. मी टेबलापाशी गेले आणि दांडीवरच्या आईच्या मुठीवर हात ठेवला.

"आई, त्या दिवशी इंदूमावशीने जाताना मला एक सांगितलंय. सगळं पुरं झालं की सांग म्हणाली होती."

"काय?"

"फायनलला शेवंती नव्हती. शेवंती तयार होऊन आली होती, सरही म्हणाले हिला घ्या. इंदूमावशीने घेतलं नाही. सहाजणी खेळल्या. तुझी जागा मोकळी ठेवली होती. शेवटपर्यंत."

आईची मूठ माझ्या हाताखाली सैल झाली, पुन्हा आवळली.

"साखळीत?" तिने विचारलं.

"साखळीतसुद्धा. म्हणाली, सांग तिला, डावा हात मी मोकळाच धरला होता."

डॉक्टर बाहेर गेले. थोड्या वेळाने छताजवळच्या स्पीकरमधून तो आवाज आला. "हौशे. पडून ऱ्हा. चढाई आलीय समोरनं. छाती भर."

आईने छाती भरून श्वास घेतला.

"हात माझ्या हातात हाय. आता थांब."

पण आई या वेळी थांबली नाही. "कबड्डी," ती म्हणाली. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..." वरून इंदूमावशी म्हणत होती, थांब गं, अजून न्हाई, आणि खाली माझी आई दम घालत निघाली होती, डोळे मिटून, कानशिलांवरून पाणी वाहत. आवाज त्या सबंध खोलीत घुमत होता. तंत्रज्ञ दारात येऊन उभा राहिला. कुणी तिला गप्प करायला गेलं नाही. दम संपत आला, आवाज बारीक झाला, तरी ओठ चालूच. आणि अगदी शेवटच्या 'कबड्डी'ला तिने उजवा पाय लांब केला आणि अंगठा टेबलाच्या कडेला टेकवला, मध्यरेषेला टेकवावा तसा.

"गेली ती परत," स्पीकर म्हणाला. "सोड आता दम."

आई धापा टाकत पडून होती. मी तिचा घाम पुसला. तिने डोळे उघडले.

"किती गुणांनी हरल्या?"

"दोन."

"दोन?" ती ताडकन उठून बसली, पोटावरची डबी खाली पडली. "अगं, दोन गुण तर मी एका चढाईत आणलो असतो!"

आणि मग मात्र ती ढसाढसा रडली. ऑपरेशनच्या वेळी रडली नव्हती, बाबा गेले तेव्हा माणसांसमोर रडली नव्हती, ती त्या टेबलावर पाय खाली सोडून लहान मुलीसारखी रडली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण छातीला लागेल म्हणून नुसती पाठीवर हात फिरवत राहिले.

दुपारी आम्ही स्टँडवर आलो. आमच्या गावाची एसटी लागलेली होती. मी तिकडे वळले. आई वळली नाही. तिने पाट्या वाचल्या, पलीकडच्या फलाटावर गेली आणि कळंबवाडीच्या गाडीत चढली. मला विचारलंही नाही.

गाडी अर्धी रिकामी होती. आई दोघांच्या बाकावर खिडकीशी बसली. मी शेजारी बसायला गेले, तर तिने आपली पिशवी उचलून तिथं ठेवली.

"तू मागं बस."

मी मागच्या बाकावर बसले. गाडी भरत गेली. एक बाई त्या जागेपाशी येऊन थांबली, आई पिशवीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली. बाई पुढे गेली. मग तिकीट फाडत कंडक्टर आला.

"मावशी, पिशवी खाली घ्या की. कुणी येणार हाय का हितं?"

"व्हय," आई म्हणाली. "येणार हाय."